कै. दौलतराव, मुक्काम कुपवाड

शूटिंगला माणसं पुरवणं हे माझं काम. साताऱ्याच्या आसपास कुठल्या ना कुठल्या मालिकेचं चित्रीकरण चालू असतं. नायक-नायिका मुंबई-पुण्याहून येतात, उरलेलं गाव मी देते. लग्नाला वऱ्हाडी, भांडणाला बघे, मयताला रडणाऱ्या बायका, दवाखान्याच्या बाकावर बसायला आजारी दिसणारी माणसं. आदल्या दिवशी फोन येतो, ‘सकाळी सातला अठरा ग्रामस्थ, पैकी चार म्हातारे,’ आणि सकाळी सातला चार म्हाताऱ्यांसह अठरा ग्रामस्थ उभे असतात. हे यादीशिवाय होत नाही. माझ्या रजिस्टरला चार रकाने आहेत: माणसाचं नाव, पात्र, कपडे आणि शेरा. शेऱ्यात मी खरं तेच लिहिते. ‘उशिरा येतो.’ ‘जेवण झालं की पळतो.’ ‘कॅमेऱ्याकडे बघून हसते.’

शिवराम चोपडे यांच्यापुढचा शेरा असा आहे: ‘वेळेवर. स्वतःची ट्रंक. प्रश्न विचारतात.’

चोपडे अण्णा कुपवाडचे. तिथल्या एका फाउंड्रीत त्यांची नोकरी झाली. पहिल्या गाडीनं सांगलीहून निघायचे आणि साताऱ्यातल्या माणसांच्या आधी सेटवर हजर असायचे. बरोबर पत्र्याची ट्रंक. तिच्यात चार टोप्या, दोन फेटे, एक काळा कोट, तुळशीची माळ, बिनकाचेचा चष्मा आणि पोलिसाची शिट्टी. एवढ्या सामानावर त्यांनी निम्मा जिल्हा उभा केला होता. मुलीचा बाप, मुलाचा मामा, पोलीस पाटील, देवळातला पुजारी, सावकाराचा कारकून, निवडणुकीत पडलेला उमेदवार. यातलं जे सांगाल ते. मिशी मात्र प्रत्येक वेळी तीच असायची. पांढरी, भरघोस, टोकाला वळलेली. मेकअपवाल्यानं तिला कधी हात लावला नाही. तो म्हणायचा, यात मी काय भर घालणार?

पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, “अण्णा, तुम्ही ग्रामस्थ तीन.”

“त्याचं नाव काय?”

“ग्रामस्थ.”

“आवं म्याडम, आईबापानं कायतरी ठिवलं आसंल की.”

मी म्हटलं, तुम्हाला फक्त सरपंच बोलल्यावर मान डोलवायची आहे. त्याला नाव कशाला?

“तसं न्हाई. ज्ञानू आसला तर सावकाश डोलीवणार. विचार करून. गुलाब आसला तर सरपंचाचं वाक्य संपायच्या आत डोलीवणार. तुमाला कंचा पायजे?”

मागे अठरा माणसांचा चहा थांबला होता. मी म्हटलं, ज्ञानू चालेल. त्या दिवशी ज्ञानूनं सावकाश मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून ते आल्या आल्या मला पात्राचं नाव सांगू लागले. “आज गोविंदा हाय. ह्याचं सासऱ्याशी पटत न्हाई.” ते मी पात्राच्या रकान्यात लिहावं अशी त्यांची इच्छा असायची. मी लिहीत नसे. रकाना लहान होता, आणि मालिकेच्या कागदावर जे असतं तेच माझ्या कागदावर असतं. ‘म्हातारा दोन’ म्हणजे म्हातारा दोन. ते वाकून वाचायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, “ऱ्हाऊ द्या. तुमची बी अडचण हाय.”

त्यांना एकच गोष्ट हवी होती. मोठी भूमिका नको, पहिलं नाव नको. लेखकानं स्वतःहून नाव ठेवलेलं एक पात्र हवं होतं. इतकी वर्षं त्यांनी पदरची नावं घालून कामं केली होती. एकदा तरी नाव वरून यावं, एवढंच.

फाउंड्रीत असताना शूटिंगसाठी रजा मिळत नसे, म्हणून अण्णा चुलते मारायचे. एकदा चुलत्याच्या दहाव्याला जातो म्हणून रजा घेतली आणि ती मालिका जेव्हा लागली तेव्हा फोरमन घरी जेवत होता. समोर नदीचा घाट, दहाव्याचा विधी, आणि पहिल्या रांगेत डोक्याला उपरणं गुंडाळून चोपडे. दुसऱ्या दिवशी फोरमननं सगळ्या शिफ्टसमोर बोलावलं.

“चोपडे, दहाव्याला गेलावता म्हनं.”

“व्हय, सायेब.”

“चुलता कोन तुमचा, सांगा बघू.”

अण्णांनी त्या मयत पात्राचं नाव, गाव, त्याचे भाऊबंदकीचे वाद आणि त्याला कावळा शिवायला किती वेळ लागला हे सगळं सांगितलं. फोरमन ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “गेलावता हे खरं हाय. मी बघितलंय.” आणि रजा मांडली गेली.

ओळखीचा हा घोळ त्यांच्या मागे कायम होता. लोकांना त्यांचा चेहरा पाठ असायचा, पण कुठं बघितला ते आठवत नसे. मग ते त्यांना नात्यात बसवत. कऱ्हाड स्टँडवर एका माणसानं त्यांना हाताला धरलं. “पावनं, आमच्या रंजीचं सासरं न्हवं तुमी?” अण्णा नाही म्हणाले नाहीत. तो त्यांना घरी घेऊन गेला, जेवायला घातलं, रंजीच्या नवऱ्याची एक तक्रारही सांगितली. अण्णांनी ‘मी त्येला समज देतो’ असं कबूल केलं आणि पुढच्या गाडीनं सांगली गाठली.

मी त्यांना रागावले. “अण्णा, सरळ सांगायचं ना, मी तो नव्हे.”

“आवं, एवढ्या मायेनं इचारत्यात. न्हाई म्हणून त्येंचा इरस कशाला? आन म्याडम, रंजीच्या सासऱ्याला नाव तरी आसंल.”

त्यांची खरी कारागिरी मला उशिरा कळली, कारण ती तोंडात नव्हती. मालिकेत नायक बोलतो तेव्हा त्याच्यासमोर कोणीतरी उभं असतं, आणि आपल्याला त्या माणसाचा फक्त खांदा आणि डोक्याची मागची बाजू दिसते. अण्णांची निम्मी कारकीर्द त्या जागी गेली. एकदा मुंबईचा एक नायक सावकाराच्या कारकुनाला जमिनीचे कागद मागत होता. कारकून अण्णा, कॅमेऱ्याकडे पाठ. नायक पाच वेळा अडखळला. सहाव्या वेळी अण्णांनी काय केलं कोण जाणे, पण त्याच्या वाक्यागणिक यांचा खांदा एकेक सूत खाली येत गेला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, फाउंड्रीतलं माप. समोरचा माणूस खचतोय हे दिसल्यावर नायकाला जोर चढला आणि त्यानं सगळं भाषण एका दमात म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या नायकाला.

मी चहा दिला तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, “तोंड काय, कुणालाबी आसतंय. पाठ कमवावी लागती.”

आणि मग एक दिवस नाव आलं.

नवीन मालिका होती. साताऱ्याबाहेर उसाच्या शेताकडेला एक बंगला भाड्यानं घेतला होता. विधवा आई, तिची हट्टी मुलगी, इस्टेटीवर डोळा ठेवून असलेला दीर. कागदावर लिहिलेलं होतं: ‘मयत वडील, कै. दौलतराव. बैठकीत मोठा फोटो. चंदनी हार.’ फोटोसाठी भारदस्त माणूस हवा होता. मी अण्णांना बोलावलं, फेटा बांधून फोटो काढला आणि रजिस्टर उघडून त्यांच्यासमोरच पात्राच्या रकान्यात लिहिलं, ‘दौलतराव’.

त्यांनी ते दोनदा वाचलं. बिनकाचेचा चष्मा लावून वाचलं, मग काढून वाचलं.

“लेखकानं ठिवलंय?”

“लेखकानं.”

“दौलतराव.” ते जरा ताठ बसले. “हा मान डोलीवणार न्हाई.”

फोटोतला माणूस तशीही डोलावणार नव्हता, पण ते मी बोलले नाही. मालिकेच्या कागदावर नावाआधी ‘कै.’ होतं. ते त्यांना दिसलं नाही किंवा दिसून त्यांनी सोडून दिलं.

दिसलं ते मालनकाकूंना, त्यांच्या बायकोला. पहिला भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

“म्याडम, जित्या मानसाच्या फोटूला हार घालतंय व्हय कोन?”

मी समजावलं. काम आहे, खोटं आहे, चंदनाचा हार आहे, फुलांचा नव्हे. काकू ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “आसूंदे. पर काम झालं की रोज काढायचा. रात्रभर त्यो हार त्येंच्या गळ्यात ऱ्हायला न्हाई पायजे. तुमी जबाबदार.”

मला जबाबदारी दिली की मी ती यादीत घालते. सेट बंद करताना माझी एक तपासणी असते. तिच्यात नवी ओळ आली: दिवे, पंखे, गॅस, मागचं दार, अण्णांचा हार. रोज संध्याकाळी मी स्टुलावर चढून हार काढायची, डब्यात ठेवायची आणि बरोबरची खूण करायची.

अण्णा महिन्यातून एकदा सेटवर यायचे. काम नसायचं. “नीट लागलोय का बघाया आलतो,” म्हणायचे. फोटो तिरका असला तर सरळ करायचे. एकदा दीर झालेला नट फोटोकडे पाठ करून बिडी ओढत बसला होता, त्याला म्हणाले, “थोरल्या भावासमोर वढतोस व्हय रं?” त्या नटानं खरोखर बिडी विझवली.

मग एक दिवस काकूंचा फोन आला. अण्णा कुपवाडमध्ये गाडीवरून पडले होते. हाताला प्लास्टर होतं, बाकी ठीक. काकूंनी एकच प्रश्न विचारला.

“म्याडम, काल हार काढलावता?”

मी रजिस्टर उघडलं. आदल्या दिवशी लाइट गेली होती, सगळे घाईत निघाले होते. दिवे, पंखे, गॅस, मागचं दार. पुढची खूण नव्हती. खोटं बोलता आलं असतं, पण रजिस्टर माझ्या हातात होतं. मी म्हटलं, “नाही काकू. राहिला.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. “बरं झालं, खरं बोलला,” काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या शांततेत त्यांनी बालाजीला काय बोलून टाकलं हे मला दोन महिन्यांनी कळलं.

दोन महिन्यांनी लेखकानं एक प्रसंग लिहिला. विधवा आई संकटात आहे, मुलगी घर सोडून निघाली आहे, आणि पहाटे आईच्या स्वप्नात दौलतराव येतात. पाच वाक्यं बोलतात आणि जातात. मी कागद हातात घेऊन पहिला फोन कुपवाडला केला. पाच वाक्यं आहेत म्हटल्यावर अण्णा काही बोललेच नाहीत. मला वाटलं, भरून आलं असेल.

“अण्णा, ऐकताय ना?”

“व्हय. येतो,” म्हणाले. आवाज जरा पडलेला होता.

त्या दिवशी ते आले तेव्हा बरोबर मालनकाकू होत्या आणि अण्णांनी डोक्यापासून हनुवटीपर्यंत मफलर गुंडाळला होता. चैत्राचं ऊन होतं.

“दात दुखतोय,” अण्णा म्हणाले.

“मफलर सोडा. मेकअप करायचाय.”

त्यांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे. मफलर सुटला. डोकं तुळतुळीत, आणि ओठावर काही म्हणजे काही नव्हतं. मिशी नसलेले अण्णा मी प्रथमच बघत होते. अनोळखी आणि थोडे लहान दिसत होते.

मेकअपवाला हळूच म्हणाला, “कुनाचं झालं, अण्णा?”

“कुनाचं न्हाई. माझंच चाललंय.”

काकू पुढे झाल्या. “नवस हुता. हात बरा झाला की डोस्क्याचं आन मिशीचं केस दीन म्हनलंवतं. परवा बालाजीला जाऊन फेडला.” मग माझ्याकडे बोट करून, “ह्येनी हार इसरला म्हणून.”

हे बरोबर होतं. चूक माझ्या यादीतली होती आणि मिशी अण्णांची गेली होती.

दिग्दर्शक पुण्याचा होता, तरुण, स्वभावानं वाईट नव्हता. त्याला दुपारपर्यंत प्रसंग संपवायचा होता. त्यानं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि मला म्हणाला, “हे एकच आहेत असं माझी आईसुद्धा मानणार नाही. दुसरा कोणी मिशीवाला आहे का यादीत? फोटोही बदलून टाकू. प्रेक्षकांना काही आठवत नसतं.”

माझ्या यादीत मिशीवाले सात होते. ते अण्णांनाही माहीत होतं, सातही त्यांच्या ओळखीचे. फोटो उतरला की नावही गेलं. ट्रंक उघडून अण्णांनी फेटा काढला आणि बांधायला सुरुवात केली.

मी म्हटलं, “सर, खोटी मिशी लावून बघू.”

मेकअपवाल्याकडे एकच पांढरी मिशी होती, एका बारीक अंगाच्या खलनायकासाठी केलेली. ती लावली. अण्णा आरशात बघून म्हणाले, “हा दौलतराव न्हवं. ह्यो त्येचा मुनीम.” तरी उभे राहिले. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसऱ्याला उन्हानं डिंक सुटला आणि मिशीचं एक टोक खाली लोंबायला लागलं. स्वप्न बघणारी नटी हुंदका देता देता हसली. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला.

“सर,” अण्णा म्हणाले, “पाठीनं करतो.”

“काय?”

“तिच्या सपनात म्या दारात हुबा हाय. भाईर बगतोय. तिला पाठ दिसती. चाळीस वरसं नांदली, तिला तोंड बगाया लागतंय व्हय वळखायला?”

दिग्दर्शकानं दाराकडे बघितलं, मग घड्याळाकडे. मग म्हणाला, “एकदाच करू. नाही जमलं तर दुसरा माणूस.”

एवढ्यात काकू उठल्या. “मग त्यो हार काढा आदी. मानूस दारात हुबा, आन भितीवर हार?” वाद घालायला कोणाला वेळ नव्हता. मी स्टुलावर चढले आणि हार काढला.

अण्णा दारात उभे राहिले. बाहेर ऊस, आत अंधार, मध्ये फेटा आणि काळा कोट. नटीनं बिछान्यातून मान वर केली.

“घराकडं बघाया आलतो,” अण्णा म्हणाले. “तुळशीला पाणी घालतीस न्हवं?” मग थांबले. “पोरीवर रागावू नगंस. तिचं चुकलं न्हाई.” इथं त्यांचा खांदा खाली आला, सूतभर, जास्त नाही. “चलतो, दार लावून घे.”

आणि गेले. नटीच्या हातात ग्लिसरीनची बाटली तशीच बंद होती आणि तिचं तोंड ओलं झालेलं होतं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरला, त्यामुळे अण्णा पार उसाच्या बांधापर्यंत चालत गेले. त्यांना हाका मारून परत आणावं लागलं.

माझ्याशेजारी काकू बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, “यात काय केलं एवढं? घरात बी आसंच. लग्न झाल्यापास्नं मी पाठच बगती हाय.”

तो भाग लागल्यावर दिग्दर्शकाचं फार कौतुक झालं. स्वप्नात फोटोवरचा हार नाहीसा होतो, म्हणजे तिच्या मनात तो गेलेलाच नाही, काय कल्पना आहे, असं लोकांनी त्याला कळवलं. त्यानं ते नाकारलं नाही. हा गुण त्यानं बहुतेक अण्णांकडून घेतला.

पंधरा दिवसांत मालिका संपली. सामान परत पाठवायची यादी मीच केली. दौलतरावांच्या फोटोचं काय करायचं विचारलं तर कलाविभागवाला म्हणाला, “फोटो कोण ठेवतंय? न्या.” मी अण्णांना फोन केला. दोघं घ्यायला आले. काकूंनी आधी हार कुठाय ते विचारलं. डब्यातून काढून दिला तसा त्यांनी तो पिशवीत घातला. “हितं नगं ठिवाया. आनि कुनाच्या तरी गळ्यात घालशीला.”

अण्णांनी मला सांगितलं की आता यादीतून नाव काढा. मी कारण विचारलं.

“दौलतरावानंतर फिरून म्हातारा दोन कशाला?”

मी त्यांना माझ्या गाडीतून सातारा स्टँडवर सोडलं. सांगलीची गाडी लागलेली होती, भरलेली. अण्णा छातीशी फोटो धरून चढले. गर्दीत वरचा वर्तमानपत्राचा कागद फाटला आणि फेट्यातले, मिशीतले दौलतराव बाहेर आले. त्यांच्यामागे अण्णा, डोक्यावर आणि ओठावर नुकते खुंट फुटलेले. खिडकीजवळ बसलेल्या एका माणसानं फोटोकडे बघितलं, अण्णांच्या डोक्याकडे बघितलं आणि ताबडतोब उठून जागा दिली.

“बसा, काका. थोरलं भाऊ व्हय?”

मी खिडकीखाली उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. अण्णा बसले. फोटो मांडीवर नीट उभा केला, तिरका होता तो सरळ केला.

“व्हय,” म्हणाले.

“चेहरा सेम हाय. नाव काय त्येंचं?”

“दौलतराव.”

“लय भारदस्त मानूस दिसतोय. कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय.”

पलीकडे काकूंनी तोंडाला पदर लावला आणि मान दुसरीकडे वळवली. त्यांचे खांदे हलत होते. आजूबाजूच्या दोघांचौघांनी ते बघितलं आणि आपापलं बोलणं बंद केलं. त्या माणसानं अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. कंडक्टरनं दार ओढून घेतलं.

अण्णा त्याच्याकडे वळले होते, त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत दिसली ती पाठ. खांदा एक सूत खाली आलेला होता.